अहिल्या आधीच उठली

“पण आक्का, नवस मोडला की नाही, तेवढं सांगा ना!”

कुमुद आल्यापासून हेच विचारत होती. बसायला पाट दिला, तर टेकली न टेकली तोच पुन्हा उभी राहिली.

मठातल्या आक्का ताक घुसळत होत्या. त्यांनी रवी थांबवली नाही.

नवस जुना होता. लेकीची, रजनीची, कूस एकदा नाही, दोनदा रिकामी झाली, तेव्हा कुमुदनं रामापुढं पदर पसरला होता. ‘हिच्या मांडीवर मूल दे. दर रामनवमीच्या नाटकात मी अहिल्येची शिळा होऊन बसेन. राम पाय लावेपर्यंत पापणीसुद्धा हलवणार नाही.’

आणि बसत होती की! घोंगडी पांघरून, तोंड तेवढं उघडं ठेवून. एका वर्षी नाकावर माशी येऊन बसली, तरी हलली नाही. नाटक संपलं की बायका तिच्या पाया पडायच्या. ती नको नको म्हणायची... पण पाय मागं घ्यायची नाही.

“काल झालं तरी काय?” आक्कांनी विचारलं.

“शालननं घात केला! राम झाली होती ना ती. धनुष्य सावरत आली आणि शेला गेला समईवर. मागून पेटला, तरी हिला पत्ता नाही. लोकांना वाटलं, नवीन काहीतरी बसवलंय. टाळ्या वाजवतायत!”

“मग?”

“मग काय... उठले. घोंगडीत गुंडाळून तिला खाली पाडलं नि विझवलं. पडदा पाडावा लागला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अहिल्येनंच रामाला उद्धरलं!’ सगळा मांडव हसला, आक्का.”

“शालन कशी आहे?”

“तिला काय धाड भरलीय! पाठीला जरा चटका बसलाय. माझ्या नवसाचं काय?”

“उठायचं कधी ठरवलंस?”

“ठरवायला वेळ कुठं होता? उठलेच.”

“रामाचा पाय लागायच्या आधी?”

“तेच तर सांगतेय!”

“मग शिळा उठली कशी?”

रवी थांबली होती.

“ते मला नका विचारू. प्रायश्चित्त सांगा. निर्जळी उपास करू? लोटांगण घालू? रजनीचे दिवस भरलेत. सकाळपासून कंबर धरून बसलीय...”

“जवळ कोण आहे?”

“शेजारच्या काकूंना बसवून आलेय. म्हटलं, आधी हे निस्तरावं. देवच रागावला तर...”

ती मटकन पाटावर बसली.

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत गेल्या. वाकून कुमुदच्या चपला उचलल्या, आपल्या पदरानं पुसल्या आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवल्या.

“अहो आक्का! हे काय करताय? मला पाप लागेल!”

आक्का चपलांपाशीच बसून राहिल्या.

“काल शालननं तुला हाक तरी मारली होती का गं?”

“...नाही.”

“मग आताही तशीच ऊठ.”