दोन लाखांच्या प्रीअँपमधली शिट्टी

मुजुमदारांच्या स्टुडिओत आवाजाचं शिबिर भरलं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचंय. माइकचा आवाज वाढवणारा प्रीअँप कोणता घेऊ? बजेट पाच हजार."

"त्या डब्यांतून नुसती खरखर येते," मुजुमदार म्हणाले. "हे ऐका. इथलंच काम, दोन लाखांच्या प्रीअँपवरचं. माझ्या कानाला फरक लगेच कळतो."

एका कथेचं वाचन सुरू झालं. काम मागायला आलेली कुमुद तांडेल मागे बसली होती. आवाज तिचाच होता. लॉकडाउनमध्ये तिने ते मुजुमदारांसाठीच घरी, डोक्यावर गोधडी घेऊन, चार हजारांच्या प्रीअँपवर रेकॉर्ड केलं होतं. पुढे 'घरचं रेकॉर्डिंग चालत नाही' म्हणत मुजुमदारांनीच तिचं काम बंद केलं.

ती उठली. "सर, शेवटचं वाक्य जरा मोठ्याने लावा."

त्यांनी ऐटीत लावलं. वाक्यामागे बारीकशी शिट्टी ऐकू आली.

"ही माझ्या शेजारणीच्या कुकरची," कुमुद म्हणाली. "तुमच्या स्टुडिओत कुकर कोण लावतं?"

सगळे हसले. मुजुमदार खाली बघत वायर गुंडाळत राहिले.

त्या मुलीने चार हजारांचाच प्रीअँप घेतला. कुमुदला काम मिळालं नाही. शिबिरात अजून तिचंच वाचन ऐकवतात, शिट्टी तेवढी कापली आहे.