कुरकुरणारी मोटर

लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या एका गावात झिलू नावाचा चितारी राहत होता. हात कसबी, पण मन संशयी. नारळ घेताना तो नारळ हलवून बघायचा आणि वर दुकानदाराचा चेहराही निरखायचा.

त्या वर्षी देवीच्या उत्सवातल्या हलत्या देखाव्याचा मान पहिल्यांदाच त्याच्या घराला मिळाला. झिलूने हत्ती घडवला. हत्ती सोंडेतले निरांजन देवीपुढे नेणार, मागे आणणार, आणि पाठीमागे कमळाचे चक्र फिरत राहणार, असा त्याचा बेत होता.

गावाची एक रीत होती. देवीची मातीची मूर्ती मखरात बसवण्याआधी तिच्या जागी कोरे मडके ठेवायचे आणि देखावा चालवून पाहायचा. मडके फुटले तर मान दुसऱ्या घराला.

स्टेपर आणि सर्व्हो अशा दोन जातींच्या मोटरी झिलूने बस्त्यावच्या दुकानातून आणल्या. बस्त्याव म्हणाला, "चक्राला स्टेपर लाव, सोंडेला सर्व्हो. उलटं करू नको हां."

सर्व्हो महाग होती. तिथेच झिलूच्या मनात पाल चुकचुकली. घरी येऊन त्याने ती चालवली, तर ती अर्ध्या फेऱ्यावरच थांबली. सोंडेचे वजन दिले, तर जागच्या जागी उभी राहून कुरकुरू लागली. स्टेपर मात्र हवी तितकी गोल फिरे आणि निमूट थांबे.

"मोडका माल गळ्यात मारला लबाडाने!" झिलू पुटपुटला. त्याने सर्व्हो बाजूला टाकली, स्टेपर सोंडेला बसवली आणि कमळ न फिरणारे, तसेच ठोकून टाकले.

हत्तीची झूल शिवता शिवता बायको शेवंती म्हणाली, "अहो, मागे येताना सोंड झुलीत अडकतेय."

"मोटर थांबली का? नाही ना? मग अडकत नाही. सगळ्यांनाच माझ्या कामात खोट दिसते!"

शेवंतीने झुलीला पुढचा टाका घातला.

चाचणीला सारा गाव जमला. सोंड पुढे गेली, मडक्याच्या अलीकडे थांबली, मागे आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मागे येताना ती झुलीत अडकली होती. मोटर जरा थरथरली आणि आपली पावले मोजत राहिली. सोंड पूर्ण मागे आलीच नव्हती. पुढच्या खेपेला ती तितकीच जास्त पुढे गेली. दुसऱ्यांदा अडकली, आणखी पुढे गेली. मग खळ्ळकन मडके फुटले.

मान पलीकडच्या वाडीतल्या सदू चिताऱ्याकडे गेला.

झिलू दोन्ही मोटरी घेऊन तणतणत बस्त्यावच्या दुकानात आला. "दोन्ही मोटरी मोडक्या दिल्यास मला!"

बस्त्यावने दोन्ही मोटरी टेबलावर लावल्या. "ओरडू नको. हात लाव."

झिलूने स्टेपरचा दांडा घट्ट धरला. तिची पावले चुकली, तरी ती पुढे मोजत गेली आणि भलत्याच जागी थांबली. मग त्याने सर्व्होचा दांडा ढकलला. ती कुरकुरली, झगडली आणि हात सोडताच नेमकी ठरल्या जागी परतली.

"स्टेपर पावलं मोजते, पण पोचली की नाही ते बघत नाही," बस्त्याव म्हणाला. "चक्राला ते चालतं. सर्व्हो अर्धाच फेरा घेते, पण आपण कुठे आहोत ते तिला कळतं. जागा सुटू नये म्हणून कुरकुरते."

"शेवंतीनेही सांगितलं होतं," झिलू हळूच म्हणाला.

तो तडक सदूकडे गेला आणि सर्व्हो त्याच्यापुढे ठेवली. "तुझ्या देखाव्यातल्या मोराची मान वळवायला ही लाव. कुरकुरेल, पण चुकणार नाही."

सदूने डोळे बारीक केले. "मान गेला म्हणून मला बुडवायला आलास होय रे?"

झिलूला राग आला नाही. त्याने मोटर सुरू केली आणि सदूचे बोट धरून दांड्यावर ठेवले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नको. ढकलून बघ."

तात्पर्य: जो अडचण बोलून दाखवतो त्याच्यावर संशय घेऊ नये, आणि जो निमूट हुकूम पाळतो तो ठिकाणावर पोचलाच असे धरून चालू नये, दोघांनाही पारखून मगच काम सोपवावे.