रवळू गुरवाची फटफटी आणि म्हशीचा केस

हस्ताचा पाऊस रात्रीच उघडला होता. सकाळी डोंगर धुऊन काढल्यासारखा दिसत होता, भातावर पिवळं ऊन पडलं होतं, आणि खाली घाटात मात्र धुकं दाटून बसलं होतं, तापल्या दुधावर साय धरावी तसं. खंडेनवमीचा दिवस. आमच्या किटवण्यात ही गोष्ट कुणीही सांगो, त्या धुक्यापासूनच सुरू करतो. पण त्या दिवसापाशी जरा सावकाश जाऊ. आधी रवळू गुरव कोण ते ऐका.

फार वर्षं झाली त्याला. रवळू आमच्या रवळनाथाचा पुजारी. देवाला आंघोळ घालायची, समया चिंचेनं घासायच्या, सांजेला ढोल वाजवायचा, एवढं त्याचं काम. कान मात्र असा, की डोंगरापल्याडच्या गावात ढोलाचं कातडं सैल पडलं तर हा इथं देवळाच्या पायरीवर बसून सांगायचा, असं म्हणतात.

त्या काळी एक ठेकेदार रानात लाकडं तोडायला आला होता. जाताना आपली बिघडलेली फटफटी देवळामागच्या फणसाखाली टाकून गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. पावसाळे आले नि गेले. चाकांतून वेल चढली. सीटखाली कोंबडी अंडी घालायला लागली. लोकांना त्याचं काही वाटेना. रवळूला मात्र बघवेना. तो म्हणाला, "देवाच्या आवारात आलेलं कुणी असं पडून ऱ्हाऊ नये."

त्याला यंत्रातलं काय ठाऊक? काही नाही. तो घाट उतरून बाजारगावात गेला आणि तिथल्या इब्राहिम मिस्त्रीच्या दुकानापुढं बसून राहिला. मिस्त्री भला माणूस. त्यानं जवळ बसवून सगळं दाखवलं आणि निघताना सांगितलं, "गुरवबाबा, इंजनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि वारा. तिन्ही आल्या की ते बोलतं. नाही बोललं तर चिडू नका. काय मिळालं नाही ते त्यालाच एकेक करून विचारा."

रवळू परतला आणि देवाचं धुतलेलं धोतर ओसरीवर अंथरून बसला. जो भाग काढला तो काढल्या क्रमानं धोतरावर मांडायचा. गंज चिंचेनं नि राखेनं काढायचा. आतला दट्ट्या गंजून घट्ट बसला होता. त्यावर घाव घातला नाही. रोज सकाळी समईत तेल घातलं की उरलेलं कोमट करून इंजनात सोडायचा आणि म्हणायचा, "सुट बाबा, तुला वाटंल तवा." अख्खा पावसाळा तेल चाललं. आणि एका सकाळी पाय ठेवताच किक आपणहून खाली गेली. रवळनाथाच्या मूर्तीवरचं फूल त्याच वेळी उजवीकडे पडलं, असं म्हणतात.

आता एकच राहिलं होतं. पेट्रोल ज्या भोकातून येतं ते सुईच्या नाकाहून बारीक, आणि जुनं पेट्रोल त्यात डिंकासारखं सुकलेलं. तार घालू नका, भोक मोठं होईल, असं मिस्त्रीनं बजावलं होतं. मग काय घालायचं? शेजारी सटुप्पाचा गोठा होता. रवळूनं हळूच आत जाऊन त्याच्या म्हशीच्या शेपटीचा एक केस उपटला. तो नेमका बसला. मग दुसरा, मग तिसरा. सटुप्पानं पकडलंच.

"गुरवा, माझ्या म्हशीची शेपटी म्हंजे काय तुझं दुकान हाय?"

"एकच केस रे सटू."

"एक एक करून हातात दांडकं द्येशील माझ्या!"

आणि नेमकी त्याच दिवशी फटफटी सुरू झाली. असा आवाज गावानं ऐकला नव्हता. म्हशीनं दावं तोडलं ते थेट ओढ्यापलीकडे. त्या सांजेला तिनं थेंबभर दूध दिलं नाही. तेव्हापासून सटुप्पानं रवळूशी बोलणं टाकलं. समोर आला तर तोंड फिरवून जायचा.

सटुप्पाची बायको पारू मात्र रोज फटफटी बघायला यायची. तिला त्या यंत्राचं फार कौतुक. रवळू तिला समजावून सांगायचा, "ही बघ वैनी, ही टाकी. आन् हे हिचं तोंड, हिथनं ती वारा खाती." तोंडावरची जाळी कधीच गळून पडली होती.

तर आता ती खंडेनवमी. घरोघरी कोयते, नांगर, पाटे पुजले. पारूनं फटफटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मग दसऱ्याच्या तोरणाला भाताच्या लोंब्या आणायला शेतात गेली. बांधावर फुरसं बसलं होतं. पायाला डसलं.

सटुप्पा तिला पाठीवर घेऊन धावत आला तो देवळापाशीच थांबला. दवाखाना घाटाखाली. बैलगाडीनं पोचायला दिवस मावळला असता. त्यानं पारूला ओसरीवर टेकवलं. रवळूनं तिचा पाय बघितला. फटफटी उभी केली आणि किक मारली.

फटफटी गप्प. पुन्हा मारली. गप्प.

"आता का मुकी झाली ही?" सटुप्पा ओरडला. "माझ्या म्हशीवर वरडायला बरी व्हती!"

पारूचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. माणसं म्हणाली, ढकला, बडवा. रवळू खाली बसला. प्लग काढून बघितला. निळी ठिणगी पडली. प्लग पेट्रोलनं ओला होता. "ठिणगी हाय, पेट्रोल हाय," तो पुटपुटला. "मग वारा का मिळंना तुला?" तेवढ्यात त्याला मुंग्यांची रांग दिसली. माळेखालून ती सरळ फटफटीच्या तोंडात चालली होती. त्यानं बोट घातलं. आत गूळखोबरं, गच्च भरलेलं.

पारू ओसरीवरून क्षीण आवाजात म्हणाली, "दादा, निवद मीच दाखवला. तोंड हाय म्हणालास न्हवं?"

"बरं क्येलंस वैनी," रवळू म्हणाला. "गिळला न्हाई तिनं. तुझी वाट बघत बसली."

त्यानं तोंड साफ केलं, प्लग पुसून बसवला आणि किक मारली. फटफटी अशी बोलली की देवळातला ढोल कुणी हात न लावता घुमला, असं म्हणतात. पारूला धोतरानं आपल्या पाठीशी बांधलं, मागं सटुप्पा बसला, आणि फटफटी घाटात उतरली. धुकं मधोमध फाटलं, भांग पाडावा तसं. वळणावळणाला बांबूची बेटं वाकून बाजूला झाली. पारू वेळेत पोचली. वाचली.

परत येताना टाकी कोरडी होती, तरी फटफटी घाट चढून आली. मागनं रवळनाथ ढकलत होता, असं म्हणतात. सटुप्पा मात्र मरेपर्यंत सांगायचा, "रवळनाथ न्हाई, मी ढकलत व्हतो."

रवळू पुढं म्हातारा होऊन गेला. फटफटी अजून फणसाखालीच आहे, पण आता तिच्यावर छप्पर आहे. खंडेनवमीला आमच्या गावात आधी गाडीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधतात, मग पूजा. नैवेद्य सीटवर ठेवतात. पहिली किक मारताना पोरंसोरंसुद्धा गप्प राहतात, कान देतात. आणि गावात नवी गाडी आली की तिच्या हँडलला लिंबूमिरची नाही, म्हशीच्या शेपटीचा एक केस बांधतात, रवळू गुरवाच्या नावानं. बाहेरची माणसं हसतात. हसू देत.

त्यांना ठाऊक नाही, की पारू बरी होऊन घरी आली त्या सकाळी सटुप्पा देवळाच्या ओसरीपाशी आला होता. मग रवळूकडे न बघताच म्हणाला, "गोठ्याला कडी घातलेली न्हाई. केस लागतील तवा न्हे. म्हशीला मी सांगून ठेवलंय."