दुसरी हाक

“हाकेचे नियम दोनशे बारा झाले, बाय. ओचे किती?”

शर्वाणीने वहीतून मान वर करून समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“ओचे म्हणजे?”

“कोणी हाक मारली की कोणतरी ओ देता. तेचे नियम खंय आसत?”

नव्हते. दोनशे बारांत एकही नव्हता. तिने उगाच चार पानं मागे-पुढे केली, जणू कुठे तरी लिहून ठेवलेला सापडेल.

शर्वाणी नार्वेकर पाच वर्षं एक कादंबरी लिहीत होती. तिच्या स्वतःच्या जगाची, अद्भुत कथा. त्या जगाचा नकाशा होता, पंचांग होतं, आपसांत भांडणारी चार राजघराणी होती. आणि एक जादू होती... हाकविद्या. ज्याला एखाद्या वस्तूचं खरं नाव कळलं, त्याने हाक मारली की ती वस्तू येते. विस्तव येतो, वारा येतो, लांडगा येतो. पण दर हाकेमागे हाक मारणाऱ्याच्या तोंडातला एक शब्द कायमचा जातो. आज विस्तवाला बोलावलं, तर उद्यापासून ‘मीठ’ म्हणता येत नाही.

कल्पना झकास होती, यात वाद नाही. ते तिलाही माहीत होतं, आणि जरा जास्तच माहीत होतं.

प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. ‘जादू पक्की आहे. पात्रं मात्र कळसूत्री बाहुल्या वाटतात. आणि शेवटचं प्रकरण कुठे आहे?’

शेवटचं प्रकरण पुरं झालंच नव्हतं. त्यात तिरवा नावाची नऊ वर्षांची मुलगी पाण्यात होती. ती हाक मारते, इथवर लिहून झालं होतं. पुढची ओळ तीन वर्षं येत नव्हती.

पण चिठ्ठीतलं तिला झोंबलं ते बाहुल्यांचं. बाहुल्या म्हणता ना? मग बाहुलीवाल्यालाच विचारते, असं म्हणून ती तणतणत पुण्याहून निघाली आणि गुणाजी आजाच्या दारात येऊन उभी राहिली. लहानपणी जत्रेत तिने त्याचा खेळ पाहिला होता. खाडीपलीकडे, चार मैलांवर तिचं माहेरचं गाव. तिथे ती तेरा वर्षांत गेली नव्हती.

गुणाजी आजा आता ऐंशीच्या पुढचा. पांगाऱ्याच्या लाकडातून बाहुल्या कोरण्यात जन्म गेलेला. सकाळपासून तिने वाचावं आणि त्याने ऐकावं, असं चाललं होतं. आता उन्हं उतरायला लागली होती.

“बरां, ता ऱ्हवांदे,” तो म्हणाला. “तो सात शब्दवालो कोण?”

“कर्दम. सगळ्यांत थोर हाकारी. आयुष्यभर हाका मारल्या, आता तोंडात फक्त सात शब्द उरलेत.”

“खंयचे सात?”

“ते... अजून ठरवलं नाही.”

“तेच्या तोंडात काय उरला, ता तुका म्हायत नाय?”

“आजोबा, वाचकाला सात हा आकडा पुरतो.”

म्हातारा हसला नाही.

“माझी बायल मेली तेव्हा तिच्या तोंडात दोनच उरले होते. ‘दार लाव.’ वाऱ्यान दिवो विझत होतो. तीन वर्सां झाली... मी अजून दार लावतंय.”

शर्वाणीने घाईघाईने वहीच्या कडेला काही तरी टिपायला घेतलं. म्हाताऱ्याने हात पुढे करून तिची पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच्या कानावर खोचली.

“माझा नको. तुझा लिव.”

असं तिला कुणी बोललं नव्हतं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

“आता त्या चेडवाचे नियम वाच,” तो म्हणाला. “तिरवाचे.”

“तिचे असे वेगळे नियम नाहीत. विद्या सगळ्यांना सारखी आहे.”

“आसत. मी सकाळपासून ऐकतंय. वाच.”

त्याने मागच्या खुंटीवरची एक बाहुली खाली घेतली. मुलीची होती. रंग गेलेला, एका गालाचा टवका उडालेला, अंगाला सहा दोरे. मग त्याने सुताची गुंडी मांडीवर घेतली.

शर्वाणीने पानं उलटली.

“नियम एकतीस. दहा वर्षांखालच्या मुलाची हाक पाण्यावरूनही ऐकू जाते.”

म्हाताऱ्याने बाहुलीच्या मनगटाला एक दोरा बांधला.

“पुढे.”

“नियम शहाण्णव. दुधाचे सगळे दात पडेपर्यंत हाकेपायी शब्द जात नाही.”

दुसरा दोरा, गळ्याला.

“नियम एकशे चव्वेचाळीस. ओहोटीच्या पाण्याला माणूस बुडवण्याची मुभा नाही.”

तिसरा.

“नियम एकशे नव्वद...” तिने पान उलटलं. “बुडालेलं माणूस सात भरत्या होईपर्यंत बुडालेलं धरू नये.”

चौथा दोरा कमरेला. ती वाचत गेली, तो बांधत गेला. एकोणीस नियम निघाले. ते एकट्या तिरवाचे आहेत हे तिच्याही तेव्हाच ध्यानात आलं, आणि तिचे कान गरम झाले.

म्हाताऱ्याने सगळे दोरे तिच्या हातात दिले.

“हलव बघया.”

तिने एक ओढला. दुसरा ताणला गेला. दोन ओढले, तर पाच आवळले. बाहुली दोऱ्यांच्या गुंत्यात ताठ उभी होती. हात हलेना, मानही वळेना.

“मरता काय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही.”

“जगता काय?”

तिने बाहुली दोऱ्यांसकट त्याच्या मांडीवर ठेवली.

“पयलो नियम खंयचो? वहीतलो पयलो नाय. तू पयलो लिवलंस तो.”

त्यासाठी तिला वही बघावी लागली नाही.

“तिन्हीसांजेची पहिली हाक खरी असते.”

गुंडी गुंडाळणारा त्याचा हात थांबला.

खाडीकाठच्या त्या मुलखात पोराला बोलता यायला लागलं की आधी शिकवतात ते याच्या नेमकं उलटं. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर पुन्हा मारील. दुसरी येऊ द्यायची, तिसरी येऊ द्यायची, मग ओ द्यायची. शहरात राहून आलेली शहाणी माणसंसुद्धा इथे आली की निमूटपणे हे पाळतात.

“कोण होती?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मिठू. माझी धाकटी बहीण.” शर्वाणी बाहुलीकडे बघून बोलत होती. “नऊ वर्षांची. खाडीवर चप्पल धुवायला गेली होती. मी ओटीवर अभ्यास करत होते. दिवा लावायची वेळ. हाक आली... ‘ताई गोऽऽ’. एकदाच.”

“मगे?”

“मी दुसरीची वाट बघितली.”

म्हाताऱ्याने गुंडी बाजूला ठेवली.

“मोजत होते, आजोबा. पहिली झाली, आता दुसरी येईल, तिसरी येईल, की ओ देते आणि उठते. पुस्तकात बोट घालून बसले होते. मला... मला तिचा आवाज ओळखू आला होता. तरी बसले.”

“घरात काय सांगितलंस?”

“काहीच ऐकू आलं नाही, असं.”

“अजून?”

“अजून. आई गेली, तिलाही तेच सांगितलं.”

तेरा वर्षांत हे तिने पहिल्यांदा तोंडाबाहेर काढलं होतं. आता तो म्हणेल, पोरी, तुझी चूक नाही, लहान होतीस तू. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ते फार हवं होतं.

तो तसं काही म्हणाला नाही.

“सकाळपास्ना तुका मी तीन येळा हाक मारलंय,” तो म्हणाला. “चायक, जेवाक, आणि ही वही घेवन ये म्हणान. तिन्ही येळा तू इलंस. ओ एकदाय देवक नाय.”

खरं होतं. पुण्यातही सगळे तिला यावरून चिडवत. हाक मारली की शर्वाणी बोलत नाही, थेट समोर येऊन उभी राहते, मांजरासारखी. तीही त्यांच्याबरोबर हसायची.

म्हाताऱ्याने कमरेची सुरी काढली. एकोणीस दोरे कापले. मग हात न थांबवता जुने सहाही कापले. बाहुली त्याच्या मांडीवर आडवी पडली.

“आजोबा!”

“जुनी झाली. हिका आता पाण्यात सोडूक होई.”

त्याच्या घरची रीत होती. जीर्ण झालेली बाहुली फेकायची नाही की चुलीत घालायची नाही. मूठभर तांदळांसकट खाडीला द्यायची. आणि देताना तोंडातून शब्द जाता कामा नये, म्हणून निघतानाच पाण्याची गुळणी तोंडात धरायची. परत काठावर पाय ठेवेपर्यंत ती टाकायची नाही. हे सगळं त्याने तिला थोडक्यात सांगितलं.

“मी येऊ?”

“तू हयच बस. आणि ता शेवटचा पान उघड.”

त्याने कानावरची पेन्सिल काढून तिच्या वहीवर ठेवली. तांब्या उचलून तोंडात पाणी घेतलं, गाल फुगले. बाहुली काखेत धरून तो माडांमधून खाली उतरला. पाठमोरा फार म्हातारा दिसत होता.

शर्वाणीने पान उघडलं. ‘तिरवाने हाक मारली.’ तीन वर्षांपूर्वीची ओळ. खाली सगळं कोरं. तिने पेन्सिल टेकवली. नियम दोनशे तेरा, असं मनात आलंच. हात त्याच वळणाचा झाला होता.

तिने लिहिलं नाही.

उजेड मळकट झाला. शेजारच्या घरात कुणी तरी दिवा लावला. खाडीवरून वारा येत होता आणि त्याला चिखलाचा वास होता. तेरा वर्षं हा वास तिने टाळला होता.

आणि हाक आली.

खालून, पाण्याच्या बाजूने. शब्द नीट कळले नाहीत. शेवटचा लांबलेला ‘गोऽऽ’ तेवढा कळला.

एक.

तिचं बोट आपोआप वहीच्या पानात गेलं. ती दुसरीसाठी थांबली. वारा पडला. माडाची झापं गप्प झाली. दुसरी येईना. आपण पुन्हा तेच करतोय, अगदी तसंच बसलोय, हे तिला कळलं.

“ओऽऽऽ!”

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. चिरकलेला, मोठा, पोरकट. शेजारच्या घरातलं माणूस दिवा घेऊन बाहेर आलं. शर्वाणी वही टाकून धावत सुटली. माडांत ठेचकाळली, उठली, पुन्हा ओरडली. “ओऽऽ! आले! आले गं!”

गुणाजी आजा गुडघाभर पाण्यात उभा होता. हात रिकामे होते. पाण्यावर तांदळाचे चार दाणे तरंगत होते, बाहुली कुठे दिसत नव्हती.

“तुम्ही... तुम्ही हाक मारलीत ना?” तिला धाप लागली होती. “आजोबा, तुम्हीच मारलीत ना?”

तो हळूहळू चालत काठावर आला. त्याचे गाल अजून फुगलेले होते. कोरड्या जमिनीवर दोन्ही पाय ठेवले, वाकला आणि तोंडातली गुळणी टाकली. पंच्याने तोंड पुसलं.

मग तिच्याकडे बघितलं.

“तू ओ दिलंस. आता दुसरी येवची नाय, बाय.”