पोयीचं फूल देवाला गेलं

भिंत होती. भिंतीला भोक होतं. भोकात कोण होतं? पोयी होती.

पोयी म्हणजे मधमाशी. पण अगदी इवलीशी. तिळाएवढी. तिला डंख नव्हता. म्हणून तिला कुणी घाबरत नव्हतं. म्हणून तिचं कुणी ऐकतही नव्हतं.

भोकात पोयीच्या धाकट्या बहिणी होत्या. खूप होत्या. सगळ्यांची तोंडं उघडी.

"ताई, भूक! ताई, भूक!"

चैत्र आला होता. गल्लीतल्या बागा फुलल्या होत्या. तिकडे मोगरा. पलीकडे मधुमालती. त्या टोकाला चाफा. पण ते सगळं लांब होतं. पोयीचे पंख छोटे. पोयीला जवळचंच चालायचं.

जवळ होती शालनकाकूंची बाग. त्या बागेत या वर्षी सगळं सुकलेलं. मोगरा सुकला. मधुमालती सुकली. पूर्वी बागेला आप्पा पाणी घालायचे. आप्पा म्हणजे शालनकाकूंचे यजमान. आप्पा आता नाहीत.

राहिली होती एक जास्वंद. जास्वंदीला होती एक कळी. एकच.

पोयीने वाट पाहिली. कळी हिरवी होती. "उद्या उमलेल." कळी लाल झाली. "उद्या नक्की उमलेल."

आणि एका सकाळी कळी उमलली! लाल लाल फूल! पोयी निघाली.

झुं झुं झुं!

इतक्यात कुंपणावरून एक काठी आली. काठीला आकडी. आकडीने फांदी ओढली. खस्स! हाताने फूल तोडलं. पट्!

"चला, देवाचं झालं," तात्या म्हणाले.

तात्या शेजारीच राहायचे. त्यांच्या अंगणात सगळीकडे फरशी होती. फरशीने पाय स्वच्छ राहतात. फुलं मात्र येत नाहीत. तात्यांच्या दाराला प्लास्टिकची फुलं होती. पोयी एकदा त्या फुलांवर बसली होती. लगेच उठली होती.

आता पोयीचं फूल गेलं. पोयी जास्वंदीपाशी गेली.

"जास्वंदीबाई, जास्वंदीबाई, दुसरं फूल दे ना! माझ्या बहिणी उपाशी!"

जास्वंद म्हणाली, "कुठून देऊ? माझी मुळं कोरडी. माझी पानं कोरडी. झारीने पाणी घातलं, तर फुलेन. नाहीतर नाही!"

पोयी उडाली. झुं झुं झुं!

झारी कोपऱ्यात आडवी पडली होती. तिच्या तोटीत कोळी राहायला आला होता.

"झारीबाई, झारीबाई, पाणी घाल ना! जास्वंद फुलत नाही, माझ्या बहिणी उपाशी!"

झारी म्हणाली, "कशाने घालू? माझ्यात पाणी नाही. माझ्यात कोळी आहे. नळ सुटला, तर भरेन. नाहीतर नाही!"

पोयी उडाली. झुं झुं झुं!

नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता.

"नळदादा, नळदादा, सुट ना! झारी भरत नाही, जास्वंद फुलत नाही, माझ्या बहिणी उपाशी!"

नळ म्हणाला, "मी आपणहून सुटत नाही. आपणहून सुटलो, तर लोक प्लंबरला बोलावतात. मला हात लागतो. हात दाराच्या आत आहे. दाराची कडी निघाली, तर सुटेन. नाहीतर नाही!"

पोयी उडाली. झुं झुं झुं!

मागच्या दाराला फट होती. पोयी फटीतून आत गेली. दाराला आतून कडी होती. कडीवर गंज चढला होता.

"कडीताई, कडीताई, नीघ ना! नळ सुटत नाही, झारी भरत नाही, जास्वंद फुलत नाही, माझ्या बहिणी उपाशी!"

कडी म्हणाली, "कशी निघू? मला बसून बसून सवय झाली. पूर्वी रोज सकाळी निघायचे. आता कुणी हात लावत नाही. काकू उठल्या, तर निघेन. नाहीतर नाही!"

पोयी उडाली. झुं झुं झुं!

शालनकाकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या. चिंचा फोडत होत्या. टक्! टक्! टक्!

"काकू, काकू, उठा ना! कडी निघत नाही, नळ सुटत नाही, झारी भरत नाही, जास्वंद फुलत नाही, माझ्या बहिणी उपाशी!"

काकू म्हणाल्या, "मी उठू? कशाला? पाणी मी घालायचं आणि फुलं तात्यांनी न्यायची! तीही आकडीने! विचारणं नाही, सांगणं नाही! तात्यांनी विचारलं, तर उठेन. नाहीतर नाही!"

टक्! चिंच फुटली. जरा जास्तच फुटली.

पोयी उडाली. झुं झुं झुं!

तात्या पूजेला बसले होते. सहाणेवर गंध उगाळत होते. घस घस घस.

"तात्या, तात्या, विचारा ना! काकू उठत नाहीत, कडी निघत नाही, नळ सुटत नाही, झारी भरत नाही, जास्वंद फुलत नाही, माझ्या बहिणी उपाशी!"

तात्या म्हणाले, "मी विचारू? मी काय माझ्यासाठी नेतो? मी खातो का फुलं? मी देवासाठी नेतो. देवाने सांगितलं, तर विचारेन. नाहीतर नाही!"

आता कुठे जायचं? लांब जायला नकोच. देव समोरच होता.

देव छोटासा होता. पितळेचा होता. छान सोंड होती. आणि देवाच्या डोक्यावर काय होतं? पोयीचं फूल!

"देवबाप्पा, देवबाप्पा, सांगा ना! तात्या विचारत नाहीत, काकू उठत नाहीत, कडी निघत नाही, नळ सुटत नाही, झारी भरत नाही, जास्वंद फुलत नाही, माझ्या बहिणी उपाशी!"

देव काही बोलला नाही.

"नाहीतर नाही" असंही म्हणाला नाही. तेवढं एक बरं झालं.

पोयीने फुलाकडे पाहिलं. आपलंच तर फूल! ती फुलात शिरली. आत, आत, अगदी तळाशी.

तळाशी काहीच नव्हतं. थेंबसुद्धा नव्हता. तोडलेलं फूल ते. कोरडं पडलं होतं.

इकडे तात्यांनी हात जोडले. तात्यांच्या घरी एक रीत होती. देवाला काही विचारायचं. मग फुलाकडे बघायचं. फूल उजवीकडे पडलं, तर देव हो म्हणाला. डावीकडे पडलं, तर देव नाही म्हणाला. पडलंच नाही, तर? तर तात्यांच्या मनात असेल ते.

तात्या म्हणाले, "देवा, मी शालनवहिनींना विचारू का?"

फूल पडणार नव्हतं. तात्यांनीच ते घट्ट बसवलं होतं.

तात्यांनी डोळे मिटले.

फुलात पोयी वळली. बाहेरचा रस्ता शोधू लागली. इकडे ढकल. तिकडे ढकल. फूल हललं. फूल कललं. फूल घसरलं.

टप्!

तात्यांनी एक डोळा उघडला. फूल उजवीकडे!

"वारा असेल," तात्या म्हणाले. उठून खिडकी लावली. फूल उचललं. पुन्हा देवाच्या डोक्यावर ठेवलं. आणखी घट्ट बसवलं. आत पोयी उलटी झाली.

"देवा, मी शालनवहिनींना विचारू का? नीट विचार करून सांग हं."

पोयीने सगळं बळ लावलं. इकडे ढकल. तिकडे ढकल. फूल हललं. फूल कललं. फूल घसरलं.

टप्!

पुन्हा उजवीकडे!

पोयी बाहेर आली. तात्यांनी तिला पाहिलंच नाही. ते देवाकडे बघत होते.

"कौल दिला! देवाने उजवा कौल दिला!" तात्या म्हणाले. "आता जायला हवं."

त्यांनी सदरा घातला. काठी उचलली. मग काठी परत ठेवली. आणि पुढच्या दाराने गेले.

टिंग टाँग!

शालनकाकूंनी पुढचं दार उघडलं. दारात तात्या. तात्यांनी काकूंच्या पायरीकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

"वहिनी," तात्या म्हणाले, "तुमच्या जास्वंदीचं फूल... देवाला... नेलं तर चालेल का?"

"नेलं की सकाळीच!" काकू म्हणाल्या. "आता विचारताय? एवढे दिवस तोंड नव्हतं?"

"तोंड होतं हो. पण विचारायची सवय नव्हती. आप्पा आपणहून द्यायचा ना. रोज सकाळी. कुंपणावरून. 'घे रे तात्या, देवाला.' मला कधी विचारावंच लागलं नाही."

काकूंनी मागच्या दाराकडे पाहिलं.



मग काकूंनी पदराला हात पुसले. हाताला चिंच लागली होती. "चहा ठेवते," त्या म्हणाल्या. "पण आधी बागेला पाणी घालते. बसा तुम्ही."

तात्यांनी विचारलं, म्हणून काकू उठल्या.

काकू उठल्या, म्हणून कडी निघाली. कर्रर्र! कडी खूप कुरकुरली. पण निघाली.

कडी निघाली, म्हणून नळ सुटला. आधी फुस्स! मग खर्र! मग धो धो!

नळ सुटला, म्हणून झारी भरली. बुड बुड बुड! कोळी बाहेर आला. फार रागावला होता. कुंपणावर राहायला गेला.

झारीची मूठ एका बाजूला गुळगुळीत होती. रोज धरून धरून झाली होती. काकूंनी तिथेच धरलं.

झारी भरली, म्हणून जास्वंद प्याली. गट गट गट!

पोयी लगेच पुढे आली. "जास्वंदीबाई, आता फूल दे ना!"

"देते, देते," जास्वंद म्हणाली. "पण घाई नको. मी काही नळ नाही."

मग सकाळ झाली. संध्याकाळ झाली. काकूंनी पाणी घातलं. पुन्हा सकाळ. पुन्हा पाणी. भोकाच्या तळाशी थोडासा जुना मध उरला होता. बहिणींनी तो चाटला. सगळ्यांनी मिळून कुरकुर केली. तात्या रोज कुंपणापाशी यायचे. काठी नसायची. नुसतेच बघायचे.

"आली का हो कळी, वहिनी?"

"येईल. तुमच्या देवाला घाई आहे का?"

"नाही, नाही. देव काही बोलला नाही."

मग कळी आली. एक आली. मग आणखी एक. मोगऱ्याला पान फुटलं. मधुमालतीनेही डोळा उघडला.

आणि एका सकाळी जास्वंद फुलली! लाल लाल फूल!

तात्या परडी घेऊन आले. पुढच्या दाराने आले. "वहिनी, एक फूल घेऊ का?"

काकू जास्वंदीपाशी गेल्या. हात पुढे केला. फुलात डोकावल्या. आणि हात मागे घेतला.

"थांबा, तात्या."

"काय झालं?"

"आत कुणीतरी जेवतंय."

तात्या वाकले. चष्मा नाकावर सरकवला. फुलाच्या तळाशी तिळाएवढं काहीतरी हलत होतं.

"पण वहिनी, देवाचं फूल..."

"देवाला सांगा, हिचा नंबर आधी आहे."

तात्या थांबले. देव थांबला. परडी थांबली.

पोयी प्यायली. गुटुक! गुटुक! गुटुक! मग परागात लोळली. पाय पिवळे झाले. पोट गोल झालं. मग ती बाहेर आली. कुणाकडे न बघता उडाली.

झुं... झुं... झुं... आता ती जड झाली होती ना!

"घ्या आता," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी कुंपणावरून नाही, हातातच फूल दिलं.

बागेत मोठी चर्चा चालू होती.

नळ म्हणाला, "मी सुटलो, म्हणून फूल आलं."

झारी म्हणाली, "मी भरले, म्हणून फूल आलं."

कडी म्हणाली, "मी निघाले, म्हणून फूल आलं. आणि मला केवढा गंज होता!"

तात्या कुंपणापलीकडून म्हणाले, "देवाने कौल दिला, म्हणून फूल आलं."

काकूंना वेळ नव्हता. त्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या.

तोवर पोयी भोकात पोचली. बहिणी जेवू लागल्या. जेवता जेवता म्हणाल्या, "ताई, फूल कसं मिळालं? सांग ना!"

पोयीने सांगितलं, "देवाचं फूल पडलं, म्हणून तात्यांनी विचारलं. तात्यांनी विचारलं, काकू उठल्या, कडी निघाली, नळ सुटला, झारी भरली, जास्वंद फुलली, माझ्या बहिणी जेवल्या!"

सगळ्यांत धाकटी बहीण म्हणाली, "पण ताई, देवाचं फूल कसं पडलं?"

पोयी काही बोलली नाही. तिच्या तोंडात मध होता.

जास्वंद बागेत, पोयी भोकात, आणि गोष्ट? गोष्ट तुमच्या कानात!