काच की स्टील

“…पण बुवा, काच घ्यावी की स्टील?”

मठाच्या ओसरीवर अच्युतबुवा पंच्यात दही बांधत होते. उद्याच्या पंगतीला श्रीखंड होतं.

विद्याधर पेठकर खास या प्रश्नासाठी वाईला आला होता. माणूस हुशार, पण हुशारीचं अजीर्ण झालेला. बायकोच्या, सुलक्षणाच्या पोटाला गरम कॉफी सोसेना, म्हणून थंड कॉफीचं यंत्र आणायचं यानं कबूल केलं ते गुढीपाडव्याला. आता वटपौर्णिमा आली होती. म्हणजे सात जन्म हाच नवरा मागायचा की नाही, ते ठरायची वेळ.

त्यानं बुवांना सगळं समजावलं. जाडसर कॉफी थंड पाण्यात रात्रभर भिजवायची आणि सकाळी गाळायची.

“म्हणजे आमच्या चक्क्यासारखंच,” बुवा म्हणाले.

विद्याधरला ते लागलं. चक्क्याचं पाणी टाकून देतात, कॉफीचं पाणीच ठेवतात, हा भेद त्यानं बराच वेळ सांगितला. मग जाळी बारीक की मध्यम, तोटी हवी की नको, फ्रिजच्या दारात मावेल का…

दही टांगायची खुंटी हलत होती. बुवांनी दह्याचं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि ती ठोकायला घेतली. पाणी विद्याधरच्या बाहीत शिरलं, तरी तो बोलतच राहिला.

“सुलक्षणा काय म्हणते?”

“आता काहीच म्हणत नाही,” विद्याधर खुशीत म्हणाला. पूर्वी रोज विचारायची, हल्ली तिनं विषयच सोडलाय. सकाळी शेजारी जाऊन चहा घेते, आली की मुकाट्यानं कामाला लागते. त्यामुळे अभ्यासाला निवांतपणा मिळतो, हे सांगता सांगता त्याचा आवाज खाली आला.

…

घरात कितीतरी दिवसांत आपल्याला कुणी हाक मारलेली नाही, हे त्याला इथे, गाठोडं धरून उभं असताना उमगलं. तो घाबरला.

“बुवा, एवढं करून चुकीचं यंत्र आणलं तर?”

“तर काय होईल?”

“घर डोक्यावर घेईल ती. एवढे महिने घालवून हेच आणलंत का, म्हणेल. आठवडाभर ऐकवेल.”

बुवांनी गाठोडं त्याच्या हातून घेतलं आणि खुंटीला अडकवलं.

“मग चुकीचंच ने.”