लग्नगड्याचं मत

“...मग त्या दिवशी मी गप्पच बसायला हवं होतं का, बाबा?”

जुम्माशा फकीर दर्ग्याच्या पायरीवर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे त्रिंबकराव चुरी. परवापर्यंत आमदार. तरुणपणापासून बाबांकडे यायचे, आणि दर निवडणुकीआधी तर न चुकता. हरून यायची ही पहिलीच वेळ, कारण हरायचीच पहिली वेळ होती.

“कुठल्या दिवशी?”

“सभागृहात लग्नगड्यांवर बोललो त्या दिवशी.”

लग्नापुरते पैसे मालकाकडून उचलायचे आणि मग नवराबायकोने जन्मभर त्याच्या शेतावर राबायचं, तो लग्नगडी. त्रिंबकरावांच्या वडिलांकडेही असे गडी होते. पोराने भर सभागृहात आपल्याच घरापासून सुरुवात केली. एवढं धाडस त्या मुलखात आधी कुणी केलं नव्हतं. सरकारला हलावं लागलं, आणि गडी सुटले.

“शेवटी काय म्हणाला होतास?”

त्रिंबकराव ताठ बसले. त्यांना ते पाठच होतं.

“‘या माणसाने माझ्या दारात यावं आणि कुणालाही न भिता मनातलं बोलावं, एवढंच मला बघायचं आहे.’ बाकं वाजायची थांबत नव्हती, बाबा.”

“मग?”

“मग काय... हातातोंडाशी आलेलं मंत्रिपद गेलं. बागायतदारांनी तोंडं फिरवली. भाऊबंद लग्नकार्याला बोलवेनात. तेही सोसलं. म्हटलं, गड्यांची मतं तर कुठे जात नाहीत. निकालाच्या दिवसासाठी पेढेसुद्धा सांगून ठेवले होते.”

बाबा चिंच फोडत राहिले.

“त्यांनीसुद्धा नाही दिली...” त्रिंबकराव म्हणाले. पडल्याचं दुःख होतंच, पण हे जास्त लागलं होतं. “ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.”

“नाही दिली कशावरून?”

“नवश्या स्वतः येऊन सांगून गेला. आमच्याच घरचा गडी. वडील असताना अंगणात उभा राहायचा, मान खाली घालून. ओट्याची पायरी कधी चढला नाही. आणि काल मला म्हणतो, ‘तुजा भाषण बेस होता. पन मत तुला नाय दिला. तो दुसरा आमचे पाड्याला पानी आनतो बोलला, त्याला दिला.’”

“अंगणातून म्हणाला?”

“अंगणातून कसला! ओट्यावर, माझ्या शेजारी बसून. चहा पीत.”

“खाली बघून?”

“नाही...”

त्रिंबकराव थांबले.

“माझ्याकडे बघून.”

बाबांनी चिंचांची टोपली बाजूला सारली. हात झटकले. खाली खाडीला भरती येत होती.

मग पहिल्यांदाच त्यांनी त्रिंबकरावांकडे पाहिलं.

“आणि तू अजून पेढे नाही वाटलेस?”